विद्यापीठातले बांध



डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात 'सारथी'च्या संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न निघाला. शिष्यवृत्तीच्या जागा सरकारने कमी केल्या होत्या. त्यावर बोलताना त्या वेळच्या दोन उपमुख्यमंत्र्यांपैकी एकांनी, ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल केला. राज्यभर संताप झाला, निषेध झाले, खुलासे झाले आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या वादांचे होते तसे याही वादाचे आठ दिवसांत विसर्जन झाले.

राग आम्हालाही आला. घरातला पहिला पदवीधर, त्याच्या पुढे जाऊन संशोधन करू पाहणारा पोर किंवा पोरगी, तिच्या महिन्याच्या पैशांवरून सभागृहात टिंगल व्हावी हे कोणत्याही आईबापाला झोंबणारच. पण राग ओसरल्यावरही सवाल शिल्लक राहतो. वाईट तोंडाने विचारला म्हणून सवाल खोटा ठरत नाही. दिवा लागतो का? आणि लागत नसेल तर का लागत नाही?

आमचे उत्तर असे : मुलांत खोट नाही. तेल एका विभागात, वात दुसऱ्या विभागात, पणती भलत्याच विद्यापीठात आणि काडेपेटी मंत्रालयात अशी ही व्यवस्था आहे. आपल्या शेतात जेवढे बांध नाहीत तेवढे बांध विद्यापीठात आहेत. शेतातला बांध निदान पावसाचे पाणी तरी अडवतो. विद्यापीठातला बांध फक्त माणसे अडवतो.

एक एकर जमीन, सात विभाग

शिरोळ तालुक्यातली कोणतीही एक एकर क्षारपड जमीन घ्या. आज्याच्या काळात तिच्यात शाळू, हरभरा निघत होता. नदीवरून उपसा आला, पाणी आले, ऊस आला. उसानंतर खोडवा, खोडव्यानंतर पुन्हा ऊस. जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. तिला पाटाने मोकाट पाणी. वीज रात्रीची, म्हणून मोटर सुरू करून माणूस बांधावर पडतो, आणि सरी भरली की नाही हे सकाळी कळते. निचरा नाही. जमिनीखालचे पाणी दर वर्षी थोडे थोडे वर चढले, त्याच्याबरोबर मातीच्या पोटातले क्षार वर आले. पाणी उन्हाने उडून गेले, क्षार तिथेच बसले. एका वर्षी कोपऱ्यात पांढरी फेक दिसली. आणखी काही वर्षांनी डोळे उगवेनात. आता सातबारावर जमीन आहे, सोसायटीच्या वहीत कर्ज आहे, रानात काही नाही.

ही जमीन कोणत्या विषयाची?

क्षार मोजायचे तर रसायनशास्त्र पाहिजे. नुसते विरघळणारे क्षार असतील तर पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे काढता येतात. पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून जमीन चोपण झाली असेल तर आधी जिप्सम लागते. नुसते गोडे पाणी देऊन धुवायला गेले तर ती आणखी बसते. म्हणजे निदान चुकले की औषधच विष होते. खाली पाणी कुठे तुंबले आहे, कठीण थर किती फुटांवर आहे हे भूशास्त्राने सांगायचे. सच्छिद्र पाईप किती खोल, किती अंतरावर, कोणत्या उताराने टाकायचे हे अभियांत्रिकीने. इथपर्यंत सगळे शास्त्र नीट चालले. पण पाईपमधून निघालेले खारे पाणी सोडायचे कुठे? नाल्यात. नाला तीन गट सोडून पलीकडे. मधल्या तिघांपैकी एकाशी बांधावरून दावा चालू आहे, दुसरा मुंबईला आहे, तिसऱ्याच्या सातबारावर अकरा वारसांची नावे आहेत. इथे रसायनशास्त्राची बाटली खाली ठेवावी लागते आणि कायदा व समाजशास्त्र हातात घ्यावे लागते. खर्च एकट्याला झेपत नाही, पडक्या जमिनीवर बँक नवे कर्ज देत नाही, ते अर्थशास्त्र. खारे पाणी नाल्यातून नदीला आणि नदीतून खालच्या गावाच्या नळाला, ते पर्यावरणशास्त्र.

एवढे सगळे जमले आणि जमीन सुधारली, तरी पुन्हा मोकाट पाणी सुरू राहिले तर काही वर्षांनी तीच पांढरी फेक. शेतकरी पाणी कमी का देत नाही? अडाणी म्हणून, असे व्याख्यानात सांगतात. वीज रात्री येते म्हणून, आणि उपसा संस्थेची पाणीपट्टी एकरावर असते, पाण्याच्या मापावर नसते म्हणून, असे कुणी सांगत नाही. माणूस असा का वागतो याचा अभ्यासही शास्त्रच आहे.

सात विभाग झाले. ज्याची जमीन पडली आहे त्याला या सातही विभागांचे काम एकट्याने करावे लागते, तेही दहावी नापास असताना. आणि ज्यांनी यातल्या एकेका विषयात डॉक्टरेट घेतली आहे ते एकमेकांच्या व्हरांड्यात पाऊल टाकत नाहीत.

हे होऊ शकते, याचा पुरावा याच तालुक्यात आहे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने क्षारपड जमिनीत सच्छिद्र निचऱ्याचे काम उभे केले. त्यांनी एकेक शेतकरी घेतला नाही, लागून असलेल्या रानांचे मालक एकत्र बसवले; मातीपरीक्षण, पाईपचा आराखडा, पाण्याची वाट, कर्जाची सोय हे सगळे एकाच टेबलावर आणले. पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. कारखान्याच्या कचेरीला जे साधले ते विद्यापीठाला साधू नये?

त्या मुलीने जायचे कुठे?

समजा, याच तालुक्यातली एक मुलगी बी.एस्सी. होऊन शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली. हुशार आहे. गावाकडची पांढरी जमीन तिच्या डोळ्यापुढून हलत नाही. तिला यावरच संशोधन करायचे आहे. रसायनशास्त्रात विचारले तर सांगतात, नमुने आण, पृथक्करण कर, पण कर्ज आणि वारसा या भानगडी आपल्या विषयात बसत नाहीत. भूगोलात सांगतात, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशा कर. अर्थशास्त्रात विचारतात, तू तर विज्ञान शाखेची, तुला पात्रता कशी द्यायची? शेवटी ती तीन वर्षे नमुने गोळा करते, तक्ते भरते, इंग्रजीत प्रबंध लिहिते. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात जाते. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या रानातली माती काढू दिली, वर चहा पाजला, त्यांना त्या मातीत काय निघाले हे आयुष्यात कळत नाही.

आणि पुढे? प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघते तेव्हा पहिली अट विषयाची. दोन विषयांच्या बांधावर काम केलेला उमेदवार दोन्हीकडचा पाहुणा, कुठल्याच घरचा नाही. नियमात 'संबंधित विषय' असे शब्द आहेत, पण संबंध आहे की नाही ते ठरवणारे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेले असतात. म्हणून शहाणा मार्गदर्शक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो, बाबा, एकाच सरीतून चाल.

इथे विद्यापीठाला झोडपून मोकळे होणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही, कारण याच विद्यापीठात याच्या उलटही घडले आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे पातळ थरांच्या संशोधनात नाव झाले आहे. ते काम भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या मधल्या बांधावरच उभे राहिले. आणखी एक गोष्ट पाहा. टेकाडावरच्या त्या आवारात पाण्याची ओढ होती. विद्यापीठाने तळी केली, पावसाचे पाणी अडवले, विहिरींना वाट दिली आणि आपली गरज बरीचशी स्वतः भागवायला सुरुवात केली. त्या वेळी हे काम भूगोलाचे की स्थापत्याचे की उद्यान विभागाचे, असा वाद कुणी घातला नाही. आपल्याच नळाला पाणी आले नाही की सगळ्या विद्या एका रात्रीत एकत्र येतात. प्रश्न एवढाच, की नळ शिरोळचा असेल तर का येत नाहीत?

बांध घातला कुणी?

जोतीराव फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चे. एकदा या दृष्टीने उघडून पाहावे. त्यात सारा आणि शेतसाऱ्याची फेरआकारणी आहे, जंगल खात्याने बंद केलेली चराई आहे, धर्माच्या नावाने होणारी लूट आहे, कचेरीतली कारकुनी आहे, वाहून जाणारी माती अडवण्यासाठी ताली-बंधारे घालण्याची सूचना आहे, जनावरांची पैदास आहे आणि शेतकऱ्याच्या घरातले दारिद्र्य आहे. हे सगळे एका पुस्तकात, कारण एका शेतकऱ्याच्या आयुष्यात ते सगळे एकदम येते. आज एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रबंध सादर केला तर तो कोणत्या विद्याशाखेकडे पाठवायचा यावरच वर्ष जाईल.

मग हा बांध आला कुठून? बराचसा कायद्यातून आला. एके काळी शेतकी कॉलेजे साध्या विद्यापीठांनाच जोडलेली असत. पुण्याचे शेतकी कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाकडे, नंतर पुणे विद्यापीठाकडे होते. १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ झाले, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. तो नमुना मग राज्याराज्यांत गेला आणि १९६८ मध्ये आपल्याकडे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले. पण नमुना आणताना अर्धाच आणला. खुद्द इलिनॉय विद्यापीठात शेतकीच्या शेजारी कायदा आहे, इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, अभियांत्रिकी आहे; अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन जी विद्यापीठे उभी केली त्यांतल्या बहुतेकांची घडण अशीच आहे. आपण शेती तेवढी उचलली, वेगळ्या कुंपणात नेऊन ठेवली आणि बाकीच्या विद्यापीठांना सांगितले, आता मातीकडे बघायची तुम्हाला गरज नाही.

परिणाम डोळ्यांपुढे आहे. कोल्हापूर शहरात कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गूळ संशोधन केंद्रही आहे. दोन्ही राहुरीच्या अखत्यारीत, आणि राहुरी अहिल्यानगर जिल्ह्यात. त्याच शहरात शिवाजी विद्यापीठ आहे. एकाच गावात दोन भाऊ राहतात, पण रेशनकार्ड वेगळे, तहसील वेगळी आणि बोलणे फक्त समारंभात.

कृषी विद्यापीठांनी काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पाडेगावच्या केंद्रातून आलेला फुले २६५ हा ऊस क्षारपड रानातही तग धरतो, हे शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच जातीची नोंद घ्यायला काही कारखान्यांनी उताऱ्याचे कारण सांगून नाक मुरडले. म्हणजे शेतीशास्त्राने वाण दिला आणि कारखान्याच्या हिशेबाने तो अडवला. क्षारपड रानात दुसरे काही येतच नसेल तर टनेज आणि उतारा यांचा मेळ घालून शेतकऱ्याला काय परवडते आणि कारखान्याला काय परवडते, हा हिशेब कुणी मांडायचा? वाण काढणाऱ्याचे ते काम नाही, अर्थशास्त्रवाल्याला वाण माहीत नाही. सत्तर-तीसच्या सूत्राचेही तेच. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा उसाला द्यावा असे सुचवले, २०१३ मध्ये राज्याने त्यासाठी कायदा केला. बगॅस किती, मळी किती, प्रेसमड किती आणि त्यांची किंमत काय धरली, हे तपासायला साखर तंत्र कळणारा, ताळेबंद वाचणारा आणि कायदा जाणणारा असे तिघे एकत्र लागतात. असे तिघे तयार करणारा एकही वर्ग आमच्या पाहण्यात नाही.

गारगोटीला एकदा सुरुवात झाली होती

हे काही परदेशी खूळ नव्हे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने स्वतंत्र भारतातल्या उच्च शिक्षणाचा विचार करताना ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती : खेड्याच्या प्रश्नाभोवती विद्या रचायच्या, विद्येभोवती खेडे फिरवायचे नाही. त्याच डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते, ते राष्ट्रपती असताना, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आजही विद्यापीठाचा वर्धापनदिन याच तारखेला असतो. त्या दिवशी त्यांच्या अहवालातले ग्रामीण विद्यापीठांचे प्रकरण वाचले जावे, एवढीच विनंती.

आणि आपल्या जिल्ह्याने तर त्या अहवालाची वाट पाहिली नव्हती. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे डॉ. जे. पी. नाईक यांनी भुदरगडात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. पुढे हेच नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. डोंगराळ, रस्ता नसलेल्या मुलखात शाळा, शिक्षक-प्रशिक्षण, शेती, तंत्रशिक्षण आणि गावाचे काम यांची सांगड घालण्याचा तो खटाटोप होता. केंद्राने १९५६ च्या सुमारास ज्या ग्रामीण संस्था निवडल्या त्यांत गारगोटी होती. हा प्रयोग का थांबला? या संस्थांच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात पदवीचा भाव मिळाला नाही. सरकारने संस्था काढल्या, पण त्याच सरकारच्या खात्यांनी तिथली मुले नोकरीत घेताना कपाळाला आठ्या घातल्या. मग पालकांनी काय करायचे? त्यांनी बी.ए., बी.एस्सी. मागितली. तीही आपल्या मालासारखीच गोष्ट : पीक चांगले, पण बाजार समितीत त्या मालाला वर्गवारीच नाही.

आता पुन्हा तेच घडण्याची चिन्हे आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. नाव वाचून वाटते, बांध फुटला. आत डोकावले तर शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र. हे विषय कमी दर्जाचे आहेत असे नाही. पण तीन वाटण्या करून उरलेल्यांना गायरानात जागा द्यावी तसा हा प्रकार झाला. बांध फोडायचे राहिले बाजूलाच, आणखी एक बांध घातला आणि त्याचे नाव ठेवले 'बांधमुक्त'.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही बहुविद्याशाखीय हा शब्द पानोपानी आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्या, श्रेयांक जमवा. चांगले आहे. पण विद्यार्थी सकाळी वनस्पतिशास्त्राला आणि दुपारी अर्थशास्त्राला बसला, आणि ते दोन प्राध्यापक एकमेकांना ओळखत नसले, तर जोडणी कुणी करायची? विद्यार्थ्यानेच? दोन बैल दोन वेगळ्या रानांत जुंपले तर त्याला कुणी जोडी म्हणत नाही.

प्राध्यापकालाही दोष देऊन भागणार नाही. कित्येक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, त्या तासिका तत्त्वावरच्या मुलांनी रेटायच्या. ज्याला पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे माहीत नाही, तो पाच वर्षांचा गावाचा अभ्यास कशाला हाती घेईल? जो कायम आहे त्याची बढती छापून आलेल्या निबंधांवर. प्रयोगशाळेत बसून वर्षाला चार निबंध होतात. शिरोळच्या रानात चार पावसाळे काढून एक होतो, तोही तीन जणांच्या नावावर वाटून. हिशेब साधा आहे. आपण तरी परवडत नाही ते पीक घेतो का?

पाणी छातीला लागते तेव्हा

कुणी म्हणेल, एका तालुक्याच्या क्षारासाठी एवढा गाजावाजा कशाला? मग महापुराचे बघा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ नंतर वडनेरे समिती बसली, अहवाल आला. दर पावसाळ्यात अलमट्टीच्या उंचीवर भाषणे होतात. पाटबंधारेवाला विसर्गाचे आकडे सांगतो, भूगोलवाला नदीच्या वळणांचे, नगररचनावाला पूररेषेचे, विमा कंपनी नियमांचे. प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी खरा असेलही. पण ऊस किती दिवस पाण्याखाली राहिला तर वाचतो आणि किती दिवसांनी कुजतो, त्यावरून पूरपट्ट्यात कोणते पीक घ्यावे, त्या पिकाला सोसायटी कर्ज देईल का, आणि जनावरे घेऊन बाई कुठे जाईल, हे सगळे एका माणसाच्या डोक्यात एका रात्रीत येते. अभ्यासात मात्र ते एका कागदावर येत नाही.

प्रयाग चिखलीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या गेल्या. २०१९ ला पुन्हा त्याच चिखलीतून माणसे बोटीने काढावी लागली. अभियंत्याच्या वहीत पुनर्वसन झाले होते. पण रान चिखलीला, गोठा चिखलीला, दूध डेअरीला घालायचे चिखलीला, मग माणूस सोनतळीला झोपून पहाटे धारा काढायला येईल काय? हे समजायला कोणताही उपग्रह लागत नाही, महिनाभर त्या गावात राहणारा एक विद्यार्थी लागतो. आणि त्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणारा अभियंता लागतो. याच नदीच्या प्रदूषणाचीही गत तीच. शहराचे सांडपाणी, प्रोसेसवाले, कारखाने, शेतातली खते, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा बोटे दाखवायची राहिली आणि दवाखान्याच्या रांगा लागल्या.

यावर विद्यापीठातून दोन आक्षेप येतात. पहिला असा की, चार विषय थोडे थोडे शिकलेला माणूस कशातच पक्का होत नाही. बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येकाने पाव-पाव विद्या शिकावी असे आमचे म्हणणे नाही. रसायनवाल्याने पक्के रसायनच शिकावे, पण त्याचा नमुना ज्या रानातून येतो त्या रानात वर्षातून काही दिवस अर्थशास्त्रवाल्याबरोबर उभे राहावे. गवंडी आणि सुतार एकमेकांचा धंदा शिकत नाहीत. घर मात्र एकच बांधतात. दुसरा आक्षेप, की शेतकऱ्यांनी विषय ठरवायला लागले तर मूलभूत संशोधन मरेल. मूलभूत संशोधन करणाऱ्याने खुशाल करावे, त्याच्या प्रयोगशाळेत आमचा कुणी ढवळाढवळ करणार नाही. आम्ही फक्त एवढे म्हणतो की, शेकडो प्रबंधांत काही प्रबंध तरी गावाने विचारलेल्या प्रश्नांवर असावेत, आणि ते एका विभागाचे नसावेत.

आपलेही काही देणे लागते

विद्यापीठाच्या अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत बसलेली माणसे आकाशातून पडलेली नाहीत. शिक्षणसंस्थांचे चालक, कारखान्यांचे संचालक, आपल्याच पोटची माणसे. ऊसदराच्या सभेत जी तडफ दिसते ती अधिसभेत शैक्षणिक विषय आला की कुठे जाते? तिथे प्रश्न निघतात ते संलग्नतेचे, तुकडीवाढीचे, परीक्षा केंद्राचे. क्षारपड जमिनीवर एक संयुक्त प्रकल्प द्या, असे तिथे उठून कोण बोलते?

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उसाच्या आणि कारखान्यांच्या पैशावर उभी आहे. गाळपाच्या टनावर कारखाने तिला वर्गणी देतात आणि ती शेवटी उसाच्याच हिशेबातून जाते. तिथे संशोधक आहेत, प्रयोगशाळा आहेत. तिच्या आणि शिवाजी विद्यापीठाच्या मार्गदर्शकांनी मिळून विद्यार्थी घ्यावेत हे सांगायला आपल्याला कुणाची परवानगी लागते? पैसे देणाऱ्याने तोंड उघडले नाही तर दुसरा कुणी उघडणार नाही.

आणि घरातही पाहावे. पोरगं शिकायला पाठवताना आपण काय सांगतो? या मातीतून बाहेर पड. मग ते मातीवर संशोधन कशाला करील?

बैठकीपुढे ठेवायचा ठराव

मागणी नव्या इमारतीची नाही. इमारत मागितली की इमारतच मिळते. कोनशिला, फीत, आणि आत चार खुर्च्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी दुसऱ्या विभागातला आणि दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक घ्यायला मोकळीक दिली आहे. म्हणजे कायद्याने बांधाला वाट ठेवलेली आहे, ती वापरायची आहे. शिवाजी विद्यापीठाने आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयामार्फत करार करावा आणि दरवर्षी काही विद्यार्थी दोघांच्या संयुक्त मार्गदर्शनाखाली घ्यावेत. विषय तीन पुरेत : क्षारपड जमीन, पंचगंगेचा पूर आणि गूळ. गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तरी गुऱ्हाळे बंद पडत चालली आहेत; त्यात पावडरीचे रसायन आहे, मजूर आहे, अडत आहे, परराज्यातली पेठ आहे. एका विभागाने ते कोडे सुटणार नाही.

प्रत्येक विषयासाठी गावे ठरवून घ्यावीत आणि एका विद्यार्थ्याच्या जागी दुसरा आला तरी अभ्यास त्याच गावात चालू राहावा. ज्याच्या रानातून नमुना घेतला त्याला त्याचा निकाल मराठीत, महिन्याभरात मिळावा. प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचला जावा आणि प्रश्न विचारायची गावाला मुभा असावी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक जे विचारतो त्यापेक्षा ते प्रश्न अवघड असतील, याची खात्री देतो. शिष्यवृत्ती दर महिन्याला मिळावी, वर्षअखेर थकबाकी म्हणून नको. आणि असे काम केलेल्या मुलामुलींना प्राध्यापकाच्या जाहिरातीत दोन्ही विषयांच्या जागांसाठी पात्र धरावे, हे विद्यापीठाने लेखी जाहीर करावे. नाहीतर गारगोटीच्या पदविकेचे जे झाले तेच पुन्हा होईल.

पैशाचे म्हणाल तर केंद्राने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला, पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारायची घोषणा केली. त्यातला मोठा वाटा खासगी उद्योगांकडून येईल असे धरले आहे. तो जेव्हा येईल तेव्हा येवो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याने एकेका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती उचलली तर पहिली तुकडी उभी राहायला दिल्लीची गरज नाही.

विद्यापीठाच्या अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक मार्चमध्ये असते. त्याआधी प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत हा ठराव मांडून मंजूर करावा. प्रती शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंना, राहुरीच्या कुलगुरूंना, आपल्या भागातून अधिसभेवर गेलेल्या प्रत्येक सदस्याला आणि ज्या कारखान्याला आपला ऊस जातो त्याच्या चेअरमनला द्याव्यात. चेअरमनच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नये.